रिकाम्या आकाशाचा भ्रम : पिकार्डीपासून बेलोऱ्यापर्यंत

१/
"आकाश एवढे मोठे, त्यात दोन चिमुकली विमाने एकमेकांवर आदळतीलच कशी?" प्रश्न निरुपद्रवी वाटतो. पण विमानविद्येच्या इतिहासात या एका प्रश्नाने जितके नियम लांबणीवर टाकले, तितके कोणत्याही सरकारी लाल फितीने टाकले नसतील. वऱ्हाडात तर हा प्रश्न विचारणे आणखी सोपे आहे. अकोला-अमरावतीच्या माथ्यावर आजवर होते तरी काय? उंचावरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर विमानांच्या पांढऱ्या रेघा, आणि निवडणुकीच्या हंगामातली हेलिकॉप्टरे.

२/
ही स्थिती आता बदलते आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिले नियमित प्रवासी विमान उतरले. ते ७२ आसनी वर्गातले एटीआर होते आणि धावपट्टी १,८५० मीटर लांबीची. त्याआधी, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने याच बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली होती. संस्था दक्षिण आशियातील सर्वांत मोठी असेल, वर्षाला १८० वैमानिक घडवील, असे तेव्हा सांगण्यात आले. तिच्यासाठी ३४ शिकाऊ विमानांची मागणीही नोंदवली गेली. त्यांतली ३१ अमेरिकेच्या पायपर कंपनीची एक इंजिनाची, तर तीन ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची दोन इंजिनांची.

वृत्तपत्रांनी रोजगार मोजले, आमदारांनी श्रेय मोजले. एकाच धावपट्टीभोवती चौतीस शिकाऊ विमाने आणि एक एटीआर एकमेकांना कशी चुकवणार, हे कोणी मोजल्याचे दिसले नाही.

३/
पश्चिमेला, हवाई अंतराने सत्तर किलोमीटरच्या आसपास, अकोल्याचा शिवणी विमानतळ आहे. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३ चा. त्याची धावपट्टी मोठ्या विमानांना अपुरी पडते आणि ती वाढवावी ही मागणी अकोलेकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ज्या विमानतळावर नियमित प्रवासी सेवा नाही, पण डांबर शाबूत आहे, तो शिकाऊ वैमानिकांना फार सोयीचा असतो : जायचे, टेकायचे, पुन्हा उडायचे, परतायचे. तासाभराच्या सरावाला शिवणी ते बेलोरा हा टप्पा जणू आखूनच दिलेला आहे.

४/
१८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान उडाले की नाही, यावर रात्र-रात्र वाद घालणारे इतिहासप्रेमी महाराष्ट्रात कमी नाहीत. वाद अवश्य घालावा. पण विमाने उडू लागल्यावर माणसाने त्यांना एकमेकांपासून दूर ठेवायला काय काय केले, हा इतिहास त्याहून कितीतरी उपयोगी आहे. त्याचा पुरावा वादातीत आहे आणि दुर्दैवाने मृतांच्या याद्यांत नोंदलेला आहे.

५/
राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला सात वर्षेही पुरी झाली नव्हती. ऑक्टोबर १९१० मध्ये इटलीत मिलान येथे हवाई मेळावा भरला होता. फ्रेंच वैमानिक रेने थोमा यांचे आंत्वानेत विमान वरून आले आणि ब्रिटिश कॅप्टन बर्ट्राम डिक्सन यांच्या फार्मान विमानावर आदळले. दोघेही वाचले, डिक्सन गंभीर जखमी झाले. साऱ्या जगात तेव्हा विमाने किती होती? "आकाश मोठे आहे" हा युक्तिवाद खरा ठरण्याची सर्वांत चांगली संधी त्या वर्षी होती. तरी तो खोटा ठरला, कारण ती मोजकी विमाने जगभर विखुरलेली नव्हती. एका मैदानावर गोळा झाली होती.

पुढच्या शंभर वर्षांत हेच घडत राहिले. विमाने आकाशभर पसरत नाहीत. ती धावपट्टीवर, रस्त्याच्या रेषेवर, डोंगराच्या खिंडीवर, तलावाच्या खुणेवर एकवटतात. मोजायचे असेल तर या चिंचोळ्या जागा मोजाव्यात. साऱ्या नभोमंडळाचे घनफळ काढून काही उपयोग नाही.

६/
१९१९ च्या पॅरिस करारात हवेतल्या वाहतुकीचे नियम आंतरराष्ट्रीय स्वरूपात लिहिले गेले. त्यांचा साचा समुद्रावरचा होता. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे, त्याने वाट द्यावी. मागून येणाऱ्याने पुढच्याला त्रास न देता उजव्या बाजूने निघून जावे. हे नियम आजही जवळजवळ तसेच लागू आहेत. १९३७ चे भारतीय विमान नियमही याच परंपरेतले आहेत, आणि १९३४ च्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला तरी या परंपरेला धक्का लागलेला नाही.

नियम शहाणपणाचे आहेत. पण त्यांच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : समोरचा तुम्हाला वेळेत दिसेल. जहाजांच्या बाबतीत ते खरे होते. शिडाचे गलबत क्षितिजावर दिसल्यापासून जवळ येईपर्यंत खलाशाचे जेवण उरकत असे.

७/
७ एप्रिल १९२२. उत्तर फ्रान्समधील पिकार्डी. लंडनहून पॅरिसकडे निघालेले डेमलर एअरवेचे टपालविमान आणि पॅरिसहून लंडनकडे निघालेले फार्मान गोलियाथ प्रवासी विमान. हवा धूसर, ढग खाली उतरलेले. दोन्ही वैमानिकांनी त्या काळातला सर्वांत शहाणा उपाय केला : खाली दिसणारा रस्ता धरला. रस्ता एकच होता. दोघेही त्याच रस्त्यावरून, जवळपास त्याच उंचीवरून, विरुद्ध दिशांनी आले. सात माणसे मेली. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर.

यात बेफिकीर कोणीच नव्हते. दोघेही काळजीपूर्वक उडत होते, आणि त्या काळजीनेच त्यांना एका रेषेवर आणले. त्यानंतर या मार्गावरच्या कंपन्यांनी एकत्र बसून "उजवीकडे राहा" हा नियम सर्वांना लागू करण्याचे ठरवले आणि हवाई मार्ग आखून घ्यायला सुरुवात केली. या शहाणपणासाठी सात चिता पेटाव्या लागल्या.

८/
आता पिकार्डीहून थेट वऱ्हाडात या. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण केल्याचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला. त्या विक्रमाचा विमानांशी संबंध काय? हाच, की शिवणीहून बेलोऱ्याकडे नजरेच्या आधाराने जाणाऱ्या नवख्या वैमानिकाला यापेक्षा ठळक रेघ जमिनीवर सापडणार नाही. दुसरी रेघ रेल्वेची : अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. काळ्या मातीच्या आणि कपाशीच्या एकसारख्या पट्ट्यात डोळा आपोआप या दोन रेघांना चिकटतो. बेलोऱ्याहून शिवणीकडे येणाऱ्याचाही डोळा तिथेच चिकटलेला असतो.

पिकार्डीत धुके होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत धुळीचा फिकट पडदा असतो आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून अकोल्याला परतणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य असतो.

९/
"पण आता उपग्रहावरून स्थान कळते, रस्ता कोण पाहतो?" हा आक्षेप तर उलट बाजूने साक्ष देतो. जुन्या काळी होकायंत्र आणि घड्याळावर चालणारा वैमानिक रेषेपासून दोन-तीन किलोमीटर इकडे-तिकडे भरकटत असे. त्याच्या चुकीतच त्याचे थोडेफार रक्षण होते. आजचे यंत्र दोन विमानांना एकाच काल्पनिक रेषेवर, काही मीटरांच्या अचूकतेने, समोरासमोर आणून ठेवते.

१०/
यावरचा जुना उपाय उंचीचा. ठरावीक उंचीच्या वर, नजरेच्या नियमांनी पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्याने विषम हजार अधिक पाचशे फूट धरायचे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याने सम हजार अधिक पाचशे. म्हणजे शिवणीहून बेलोऱ्याला जाताना ३,५०० किंवा ५,५०० फूट; परतताना ४,५०० किंवा ६,५००. साधा, फुकट आणि अत्यंत सुंदर नियम. पण चढताना आणि उतरताना तो लागू पडत नाही. एवढ्या छोट्या प्रवासात शिकाऊ विमान हवेत असते वीस-पंचवीस मिनिटे, आणि त्यातला बराचसा वेळ ते चढत तरी असते किंवा उतरत तरी.

११/
आता नजरेचा हिशेब मांडू. दोन शिकाऊ विमाने, प्रत्येकाचा वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. समोरासमोर आली तर अंतर दर सेकंदाला सुमारे १०३ मीटरने घटते. अमेरिकेच्या विमान नियामकाने प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, ते आपल्यावरच येत आहे हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलणे आणि विमान प्रत्यक्ष वळू लागणे या साऱ्याला १२.५ सेकंद लागतात. त्यांतली पाच सेकंदे केवळ "हे आपल्यावरच येत आहे" हे कळण्यात जातात.

१२.५ सेकंदांत ही विमाने जवळजवळ १,३०० मीटर अंतर कापतात. तेव्हा समोरचे विमान १,३०० मीटरांवर असतानाच दिसले पाहिजे. समोरून पाहताना पंख म्हणजे एक पातळ रेघ. डोळ्यांत भरतो तो सव्वा मीटर रुंदीचा धडाचा ठिपका. हातभर अंतरावर धरलेल्या कागदावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या बिंदूएवढा. तो शोधायचा कुठे, तर साऱ्या आभाळात.

१२/
आणि तो बिंदू हलत नाही. टक्कर होणार असेल तर समोरचे विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. हे भूमितीचे साधे प्रमेय आहे आणि खलाशांना ते शतकानुशतके ठाऊक होते. जो ठिपका काचेवर सरकतो, तो निघून जाणार असतो. पण माणसाचा डोळा हालचाल टिपायला घडलेला आहे. गवतात सरकणारा साप त्याला दिसतो, न हलणारा ठिपका दिसत नाही. म्हणजे जे धोक्याचे नाही ते पटकन नजरेत भरते आणि जे जीवघेणे आहे ते काचेवर बसलेल्या माशीसारखे गप्प राहून शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकाएकी अक्राळविक्राळ होते.

भर म्हणून, रिकाम्या आभाळाकडे पाहत राहिले की डोळ्याचा नेम सैल पडून जवळच, मीटर-दोन मीटरवर, स्थिरावतो. त्यावर उतारा म्हणून वैमानिकांना शिकवतात : आभाळाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद नजर थांबवा, अधूनमधून दूरच्या क्षितिजावर डोळे टेकवा. नजर घरंगळत फिरवली तर काहीच दिसत नाही. उत्तम शिकवण आहे. पण डावीकडून उजवीकडे एक फेरी पुरी व्हायला अठरा-वीस सेकंद लागतात आणि वरच्या हिशेबात तेवढी सेकंदे शिल्लक नाहीत.

१३/
विमानाची बांधणीही साथ देत नाही. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात. वैमानिकाला खालचे दिसते, वरचे झाकले जाते. पायपरचे पंख खाली असतात. वरचे दिसते, खालचे झाकले जाते. आता धावपट्टीकडे उतरताना वर पायपर आणि खाली सेस्ना अशी जोडी जमली तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. दोन शहाणी, प्रशिक्षित, डोळस माणसे दिवसाउजेडी आंधळी कोशिंबीर खेळत असतात.

म्हणूनच अशा टकरा बहुतेक वेळा स्वच्छ हवेत, दिवसा, छोट्या विमानतळांच्या जवळ, कमी उंचीवर होतात. समोरासमोर आदळण्यापेक्षा मागून वेगाने येणारे विमान हळू चालणाऱ्याला गाठते, हा प्रकार अधिक. बेलोऱ्यात वेगाने येणारे कोण असेल हे सांगायला नको. एटीआर उतरण्याच्या तयारीत असतानाही शिकाऊ विमानाच्या जवळपास दुप्पट वेगाने येऊ शकते.

१४/
८ जुलै २०२५ ची घटना ताजी आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबॅकजवळच्या प्रशिक्षण विमानतळाजवळ एकाच संस्थेची दोन सेस्ना विमाने हवेत आदळली. दोन्हींत एकेक शिकाऊ वैमानिक होता. उड्डाण आणि अवतरणाचा सराव चालू होता. दोघेही मरण पावले, त्यांतला एक केरळचा तरुण. विमानांत रेडिओ होते. दोघांनाही दुसरा दिसला नाही.

भारतातली मुले लाखो रुपये उभे करून परदेशी शिकायला जातात, ती आता अमरावतीला शिकतील, हे स्वागतार्हच आहे. पण संस्था आणताना तिच्याबरोबर येणारा धोका सीमेवर थांबवून ठेवता येत नाही.

१५/
इथे विदर्भाच्याच इतिहासातले एक पान उघडावे लागते. जानेवारी १९४९ पासून नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र झाले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी डाकोटा विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, टपालाच्या पिशव्या आपापसांत बदलत आणि पहाटेच्या आत परतत. मुंबईची विमाने वऱ्हाडावरूनच जात. अंधार, चार दिशा, एकच धावपट्टी, एकच वेळ. नागपूरला तेव्हा मुलकी रडार नव्हते. "आकाश मोठे आहे" म्हणणाऱ्याला ही व्यवस्था वेडेपणाची वाटली असती.

पण रात्रीच्या त्या व्यवस्थेचा पाया वैमानिकाची नजर हा नव्हताच. कोणते विमान कुठून, किती वाजता, किती उंचीवर येणार हे आधी ठरलेले असे आणि वायरलेसवर कळवले जात असे. कोणी कोणाला "दिसण्याची" वाट पाहत नव्हते. अंधारात चालणाऱ्या माणसाने आवाज देत चालावे, ही खेड्यातली रीत तिथे पाळली जात होती. पंचाहत्तर वर्षांनंतर त्याच विदर्भात, भर उन्हात, "डोळे उघडे ठेवा" एवढ्यावर काम भागवण्यात कसली प्रगती?

१६/
२५ सप्टेंबर १९७८, अमेरिकेतले सॅन डिएगो. सकाळ, निरभ्र हवा. पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ उतरण्याच्या तयारीत. पुढे एक सेस्ना १७२. तिच्यात प्रशिक्षक, आणि केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव करणारा, त्यासाठी बाहेरचे दृश्य झाकून घेतलेला विद्यार्थी. नियंत्रकाने बोइंगला सेस्नाची सूचना दिली. बोइंगच्या वैमानिकांनी ती पाहिल्याचे सांगितले, मग ती नजरेआड झाली, पण नियंत्रकाला तसे स्पष्ट कळवले नाही. सेस्नानेही ठरलेली दिशा न सांगता सोडली होती. बोइंग मागून तिच्यावर आदळले. १४४ जण मेले. त्यांत जमिनीवरचे सात.

"सोबत प्रशिक्षक असतोच ना" असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. सेस्नात प्रशिक्षक होता. बोइंगमध्ये अनुभवी वैमानिक होते. खाली रडारवर नियंत्रक होता. चौकशी मंडळाने मुख्य ठपका ठेवला तो बोइंगच्या वैमानिकांवर : नजरेने अंतर राखण्याची पद्धत त्यांनी पाळली नाही.

१७/
३१ ऑगस्ट १९८६, लॉस एंजेलिसजवळचे सेरिटोस. दुपार, पुन्हा निरभ्र हवा. एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि एक पायपर आर्चर. पायपर चुकून नियंत्रित हवाई हद्दीत शिरले होते आणि त्यावर उंची कळवणारा ट्रान्सपाँडर नव्हता. दोन्ही विमानांतले सर्व ६७ आणि जमिनीवरचे १५, एकूण ८२ मृत्यू.

या वेळी मात्र त्याच चौकशी मंडळाने वेगळी भाषा वापरली. पायपरच्या चुकीची नोंद केली, पण दोष दिला तो टक्कर टाळण्यात अपुऱ्या पडणाऱ्या नियंत्रण-व्यवस्थेला. आणि "पाहा आणि टाळा" या तत्त्वालाच मर्यादा आहेत, हे कारणांच्या यादीत लिहिले. सॅन डिएगो ते सेरिटोस, आठ वर्षे. आठ वर्षांत अपराधी बदलला. आधी तो वैमानिकाचा डोळा होता. मग त्या डोळ्यावर सारे सोपवणारी व्यवस्था झाली. विमानविद्येच्या इतिहासातले हे वळण कोणत्याही नव्या यंत्राच्या शोधाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. बेलोऱ्यासाठी मागवलेली एक इंजिनाची पायपर विमानेही आर्चर घराण्यातलीच आहेत, हा योगायोग. पण असा, की त्याची आठवण संस्थेच्या भिंतीवर लावून ठेवावी.

१८/
सेरिटोसनंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या पट्ट्यात उंची कळवणारा ट्रान्सपाँडर छोट्या विमानांनाही सक्तीचा झाला आणि प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र बसवण्याचा कायदा आला. भारताने हा धडा घेतला तो स्वतःच्या रक्ताने. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ आदळले. ३४९ जण गेले. कझाक विमानाने १५,००० फुटांची ठरलेली उंची सोडली होती आणि दिल्लीच्या नियंत्रकाला विमानांची उंची पडद्यावर दाखवणारे रडार तेव्हा कार्यरत नव्हते. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांची चौकशी झाली, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्करविरोधी यंत्रे सक्तीची झाली.

दोन्ही देशांत मोठ्या विमानांची तजवीज पक्की झाली. छोट्या विमानांच्या वाट्याला मुख्यतः जुना उपदेशच आला.

१९/
"मग एटीआरमध्ये ते यंत्र आहेच, चिंता कसली?" चिंता दोन गोष्टींची. ते यंत्र समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला प्रश्न विचारते. ट्रान्सपाँडर नसेल, बंद असेल किंवा उंची सांगत नसेल, तर वर जा की खाली जा, हे ते ठरवू शकत नाही. आणि जमिनीपासून सुमारे एक हजार फुटांच्या खाली ते "वर जा, खाली जा" असे आदेश देणेच थांबवते, कारण तिथे खाली जायला सांगणे हाच अपघात ठरेल. शिकाऊ विमानांचा धावपट्टीभोवतीचा सराव साधारण याच उंचीच्या आगेमागे चालतो. जिथे गर्दी सर्वांत जास्त, नेमके तिथे यंत्र मौन पाळते.

२०/
आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. अनेक जुने प्रशिक्षक म्हणतात की पडदे वाढले की मुले मान खाली घालून बसतात. खिडकीबाहेर कोणी पाहतच नाही. हे खरे आहे, आणि त्यावर हसून चालणार नाही. पण त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा विभागाने १९९१ च्या अहवालात "पाहा आणि टाळा"च्या मर्यादा तपासताना पुढे ठेवले होते : दुसरे विमान आहे आणि ते अमुक दिशेला आहे असे आधी कळले, तर नजरेचा शोध आठपट प्रभावी होतो. यंत्र डोळ्याची जागा घेत नाही. कुठे पाहायचे ते डोळ्याला सांगते. मान खाली जाते ही शिस्तीची अडचण आहे आणि ती प्रशिक्षकानेच सोडवायची आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. व्यापारी परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. त्याच्या खर्चापुढे आपले स्थान सतत प्रसारित करणाऱ्या आणि इतरांचे ऐकणाऱ्या उपकरणाची किंमत किरकोळ आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडर उडवणाऱ्यांनी २००४ मध्ये फ्लार्म नावाचे असे यंत्र स्वतः घडवले. त्यांनी सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून बहुतांश नियंत्रित हद्दीत असे प्रसारण सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये छोट्या विमानांच्या मालकांना ते घेण्यासाठी सरकारी अनुदान मिळाले.

२१/
तेव्हा मागणी काय असावी, हे धूसर ठेवण्याचे कारण नाही. बेलोऱ्यातून उडणाऱ्या प्रत्येक शिकाऊ विमानाने आपले स्थान आणि उंची प्रसारित केलीच पाहिजे, आणि इतरांची ग्रहणही केली पाहिजे. नुसते बोलके विमान पुरेसे नाही, ऐकणारेही हवे. बेलोरा, शिवणी आणि त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यात "मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर, अमुक करीत आहे" ही रेडिओवरची घोषणा एकाच ठरलेल्या लहरीवर व्हावी, नियंत्रक हजर असो वा नसो. एटीआरच्या वेळेआधी आणि नंतर काही मिनिटे सराव थांबवावा; आठवड्याचे वेळापत्रक हाती असताना हे अवघड नाही. विमाने थोडक्यात चुकली अशी प्रत्येक घटना नावे वगळून प्रसिद्ध व्हावी, जशी ब्रिटनमध्ये एअरप्रॉक्स बोर्ड करते. लपवलेल्या चुकामुकीतून कोणीच शिकत नाही, आणि शिक्षेची भीती असेल तर विद्यार्थी ती सांगणारही नाही.

२२/
आणि शिवणी-बेलोरा टप्प्यासाठी एक स्थानिक नियम पहिल्याच दिवशी लिहिला जावा : महामार्ग किंवा लोहमार्ग यांच्या थेट डोक्यावरून कोणी उडू नये, रेघ कायम आपल्या डाव्या हाताला ठेवावी. जाणारा तिच्या दक्षिणेला राहील, येणारा उत्तरेला. याला ना यंत्र लागते, ना निविदा. पिकार्डीनंतर १९२२ मध्ये जे ठरले, तेच मूर्तिजापूरच्या माथ्यावर लागू करायचे आहे, आणि पहिली तुकडी अजून हवेत झेपावलेली नसताना.